बॅगवालीचा शेवट

मी कुठलाही सिनेमा शेवटाकडून बघते. आधी शेवटची वीस मिनिटं, मग पटलं तर सुरुवात. शेजारची सितारा म्हणते, हे म्हणजे आधी बडीशेप चघळायची आणि मग जेवायला बसायचं. म्हणू दे. तिचं अर्धं आयुष्य इंटरवलमध्ये पॉपकॉर्न खाण्यात गेलं, माझं तसं गेलं नाही.

जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला माझी एक खोली आहे, आणि खोलीत शिलाई मशीन. मी ब्लाउज शिवते. मोबाइल रिळांच्या डब्याला टेकवून ठेवते, माझा उजवा कान त्या बाजूला येईल असा. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. हात शिवतात, डोळे मधूनमधून वर जातात. असे मी किती सिनेमे पाहिले याचा हिशेब नाही. गिऱ्हाइकं कापड द्यायला येतात आणि विचारतात, "दिपमालाताई, तो नवा आलाय तो बघावा का?" तेच तेच किती वेळा सांगायचं, म्हणून सिताराच्या लेकीनं, अलफियानं, मला व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढून दिला. नाव 'दिपमाला ब्लाउज'. त्यावर मी कोणाचे ब्लाउज तयार झाले ते सांगते आणि जाता जाता सिनेमांची मतं टाकते. सिनेमांची नावं मी लक्षात ठेवत नाही. बायकांना कळतं बरोबर.

"जुना, काळा-पांढरा. बाई शेवटी नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून मरते, मग तो रडतो. मेल्यावर रडणारे पुष्कळ असतात. बघू नये."

"नवा, मारामारीचा. तीन तास गोळ्या चालल्या, एकानंही भाकरीचा तुकडा मोडला नाही. एवढी ताकद येते कुठून कोण जाणे. इस्त्री करताना लावून ठेवायला बरा."

"नवा, मराठी, खेड्यातला म्हणे. शेळीसुद्धा आंघोळ करून आलेली. गाणी चांगली आहेत."

"जुना, रंगीत. सासू शेवटच्या पाच मिनिटांत सुधारते. पाच मिनिटांत कांदासुद्धा धड परतला जात नाही."

"नवा, मोबाइलवरचा. बाई नवऱ्याला सोडून डोंगरात जाते, कॉफी पिते आणि शहाणी होते. ती राहते त्या खोलीचं भाडं कोण भरतं, ते शेवटपर्यंत दाखवत नाहीत. पण निदान परत तरी जात नाही. बघावा."

बायका हसतात. सितारा मात्र चिडते. तिला रडवणारे सिनेमे आवडतात आणि सुधारलेली सासू बघून तिच्या डोळ्यांतून धारा लागतात. ती मला म्हणते, तुझ्या काळजाच्या जागी बॉबिन बसवलेलं आहे. असेल. पण मला शेवट आधी का बघावा लागतो, ते तिला माहीत आहे. म्हणून ती जास्त बोलत नाही.

त्याला कारण माझा बाप. शालिग्रामनाना.

आमचं गाव साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. नाना साक्रीत एका कचेरीत शिपाई होते. दर गुरुवारी टपालाची पिशवी घेऊन त्यांना धुळ्याला जावं लागे. पिशवी दुपारपर्यंत पोचायची, मग नाना तीनच्या शोला टॉकीजमध्ये. आणि शुक्रवारी संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, आमच्या ओट्यावर अख्खं गाव जमायचं. गावात टीव्ही आले तरी जमायचं, कारण टीव्हीला लाइट लागायची आणि नानांना काही लागायचं नाही.

नाना सिनेमा सांगायचे म्हणजे आमच्या बोलीत, बसल्या जागी, सगळ्यांचे आवाज काढून. व्हिलन बोलला की पोरं आईच्या मागे लपायची. हिरॉईन रडली की पलीकडे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. सिनेमांना नावंही गावानंच ठेवलेली. आंधळ्या वकिलाचा पिच्चर, दोन बायकांचा पिच्चर, गाईवालीचा पिच्चर. आणि नुसतं ऐकून सोडून देणारं आमचं गाव नव्हतं. कोणाच्या घरी वाटण्यांवरून भांडण झालं की बैठकीत म्हातारे म्हणायचे, शालिग्रामच्या त्या पिच्चरमध्ये धाकट्यानं काय केलं आठवतं ना? आणि धाकटा गुमान सही करायचा. चिंधाआबांनी घरजावई ठेवला तो नानांच्या सिनेमावरून आणि पुढे हाकलून दिला तोही नानांच्याच सिनेमावरून. गावात पोथी वर्षातून एकदा लागायची, नाना दर आठवड्याला. त्यामुळे वजन कोणाचं जास्त, ते सांगायला नको.

नानांच्या सिनेमांत शेवटी सगळं जागेवर यायचं. रुसलेला पोरगा घरी यायचा, पळालेली पोर पाया पडायची, बाई सासरी जायची. मला लहानपणी वाटायचं की धुळ्यात सिनेमा बनवणारी माणसं फार भली असणार.

मला जळगावात दिलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. नवऱ्याला पगार बरा होता आणि हात भारी होता, एवढं सांगितलं तरी पुरे. दोन वर्षांनी मी बॅग घेऊन माहेरी आले. लग्नात मिळालेली तपकिरी बॅग, तिचं एक कुलूप मोडलेलं. आईनं बॅग पाहिली आणि आधी दार लावून घेतलं, मग मला जवळ घेतलं. त्या क्रमाचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

मी आले तो आठवडा गावात कुजबुज होती. नाना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागावले होते असंही नाही, मला बघून दुसरीकडे बघायचे. पुढच्या शुक्रवारी ओट्यावर त्यांनी जो सिनेमा सांगितला, त्याला गावानं पुढे 'बॅगवालीचा पिच्चर' म्हटलं. एक पोर नवऱ्याचा मार खाऊन बॅग घेऊन माहेरी येते. आई-बाप, भाऊ, गल्ली, सगळे तिच्यापायी झिजतात. नवरा न्यायला येतो, ती जात नाही. आणि मग, नाना म्हणाले, एके दिवशी पहाटे ती आपण होऊन उठते, बॅग उचलते, सासरच्या दारात जाऊन उभी राहते. नवरा दार उघडतो. त्याच्या हातात तिचं मंगळसूत्र असतं, रात्रभर तो ते धरून बसलेला असतो. तो तिच्या पायाशी बसतो. पिच्चर खतम.

अख्खा ओटा रडला. आई रडली. मी स्वतः रडले, आणि त्याचा राग मला अजून येतो. कोणीही मला 'जा' म्हटलं नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघत राहिले, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही. पाणी भरायला गेले तर गल्लीतल्या भिकुबाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं, कधी जातेस बाई? रविवारी नानांनी मला साक्रीहून धुळ्याच्या गाडीत बसवून दिलं.

दारात कोणी मंगळसूत्र धरून बसलेलं नव्हतं. पुढची नऊ वर्षं मी सांगत नाही. डावा कान त्यातच गेला, आणि एक मूल पोटातच गेलं. मग दारूनं नवऱ्याचं लिव्हर गेलं आणि त्यामागोमाग तो गेला. मी तेव्हा रडले नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय.

खरा सिनेमा मला खूप नंतर सापडला. एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेले होते, दुपारची वेळ, टीव्ही चालू होता. बॅग पाहिली आणि मी टेप हातात धरून तशीच उभी राहिले. तीच पोर, तोच मार, तोच भाऊ. शेवटी नवरा तिला न्यायला येतो. ती त्याला पाण्याचा तांब्या देते. तो पाणी पितो. ती तांब्या परत घेते आणि दार लावते. बस्स. पहाट नाही, मंगळसूत्र नाही. सकाळी ती शाळेत शिकवायला निघते आणि 'समाप्त'ची पाटी पडते.

तेव्हा आई हयात होती. मी फोनवर तिला ताडताड बोलले. आई म्हणाली, तुला माहीत नाही का, तुझ्या बापानं एकाही पिच्चरचा शेवट पाहिलेला नाही. तेव्हा साक्रीहून आमच्या गावाला जायला मुक्कामाची एकच गाडी, रात्री गावात थांबायची आणि सकाळी परत निघायची. ती धरायची तर धुळ्याहून सिनेमा संपायच्या आधीच उठावं लागे. दर गुरुवारी नाना ऐन रंगात आलेला सिनेमा सोडून स्टॅण्डकडे धावायचे. उरलेला भाग ते रस्त्यात गाडीतच जुळवायचे.

मी ते ऐकलं आणि हसायलाच लागले. एवढं मोठं गाव, एवढ्या बैठकी, एवढ्या वाटण्या आणि सोयरिकी, सगळ्यांच्या मुळाशी एस.टी.चं टाइमटेबल. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि जेवून तृप्त झालेलं सगळं गाव. पण खरं सांगते, त्यानं मला बरंही वाटलं. बापानं पाहिलंच नाही तर तो बिचारा काय सांगणार? त्यानं चांगलं तेच जुळवलं. चूक झाली ती गाडीची. या एका गोष्टीवर मी बरीच वर्षं काढली. नानांना दिवाळीला धोतरजोडी पाठवत राहिले, आई गेल्यावर दोन महिने जाऊन भाकऱ्या थापल्या. फक्त सिनेमा शेवटाकडून बघायची सवय तेव्हा लागली ती लागलीच.

यंदा मार्गशीर्षात प्रकाशचा फोन आला. प्रकाश माझा धाकटा भाऊ. त्याची मुलगी सोनल धुळ्यात दिलेली, लग्नाला दीड वर्ष झालेलं. पोर शिकलेली, लग्नाआधी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला जायची. नवऱ्यानं आधी काम सोडायला लावलं, मग फोन काढून घेतला. आणि आता, त्याच्या मित्रांसमोर ती मोठ्यानं हसली म्हणून, तिला संध्याकाळभर बाथरूममध्ये कोंडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती निघून गावाला आली होती.

मी म्हटलं, बरं केलं. प्रकाश म्हणाला, रविवारी तिच्या सासरचे येणार आहेत, अक्का तू ये. आणि म्हणाला की नानांनी शनिवारी घरात सगळ्यांना बसायला सांगितलं आहे, काहीतरी सांगायचं म्हणतात.

काय सांगणार ते मला फोनवरच कळलं. मी हातातला ब्लाउज तसाच मशीनवर टाकला. सिताराकडे किल्ली दिली, आणि अलफियाला बसवून तो सिनेमा शोधून काढला. मोबाइलवर उतरवून घेतला, कारण आमच्या गावात रेंजचा भरवसा नाही.

शनिवारी मी पोचले तेव्हा घर भरलेलं होतं. बाहेरचं कोणी नव्हतं, तरी प्रकाश, भावजय, सोनल, तिचा धाकटा भाऊ, दोन चुलत काका आणि त्यांच्या बायका, म्हणजे झालंच. ओटा आता फरशीचा झालाय आणि गाव काही जमत नाही. ज्याचा त्याचा सिनेमा ज्याच्या त्याच्या खिशात. नाना खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या वर वय, हात थरथरतो, पण आवाज तसाच, एकदम टॉकीजमधला.

सोनल भिंतीला टेकून बसली होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिची बॅग चाकांची, मोरपंखी रंगाची, कोपऱ्यात उभी होती. भावजयीनं तिच्यावर चादर टाकून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून.

नानांनी सुरुवात केली. एक पोर शे, म्हणाले, हातमा बॅग लिसन माहेरले येस. तेच सगळं. तीच आई, तोच भाऊ. एका काकूचे डोळे आधीच भरून आले. तिनं तो सिनेमा पूर्वी ऐकलेला होता, पण रडण्याला त्याची अडचण नसते. सोनलचा हात मी हातात घेतला होता, तो थंडगार पडलेला. ती ऐकत होती. पाच-सहा वर्षं कॉलेजात घालवलेली, मायक्रोस्कोपखाली माणसाचं रक्त बघणारी पोर, आणि ती त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे अशी बघत होती की आता तो सांगेल तसं तिला करायचंय. नाना गोष्टीतल्या पहाटेपर्यंत आले.

"थांबा नाना," मी म्हटलं. "शेवट मी दाखवते."

कोणी काही म्हणायच्या आत मी प्रकाशच्या मुलाला मोबाइल टीव्हीला जोडायला लावला. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. ही आताची पोरं. आणि मग आम्ही सगळ्यांनी तो शेवट पाहिला. नवरा आला. तिनं तांब्या दिला. तो प्यायला. तिनं तांब्या घेतला, दार लावलं. सकाळ झाली, ती शाळेत निघाली, पाटी पडली.

एक काका म्हणाला, हा दुसरा पिच्चर असेल. मी सगळ्यांना मुक्कामाच्या गाडीचं सांगितलं. बाप बिचारा शेवट न बघताच धावत सुटायचा, त्यात त्याचा दोष नाही, पण त्याच्या शेवटावर आता पोर पाठवू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. मी नानांना वाचवतच होते. मोठ्या मनानं, सगळ्यांसमोर, बापाला माफ करून मोकळी होत होते.

नाना टीव्हीकडेच बघत होते. मग म्हणाले, "हाऊ शेवट मी देखेल शे."

मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"त्या दिन येष्टी बंद व्हती. संप. मी पाटी पडेपर्यंत बसनू. मंग रातभर धुळ्याना स्टॅण्डवर बसीसन इचार कया."

आणि मला आठवलं. त्या आठवड्यात नाना शुक्रवारी सकाळी एका ट्रकमधून आले होते. डोळे लाल होते. आईनं चहा दिला तो त्यांनी न पिता ठेवला. मी चुलीपाशी बसले होते. माझ्याकडे बघून ते दुसरीकडे बघायला लागले.

"मग खरा का नाही सांगितला?" मी विचारलं.

"तू घरमा ऱ्हाती, तर प्रकाशले पोर कोन देता?" नाना म्हणाले. काही लपवायचं आहे असं त्यांच्या बोलण्यात नव्हतं. टपाल कुठे पोचवलं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "आनी माले वाटनं, मी सांगसू तसं व्हई."

प्रकाशनं मान खाली घातली. भावजय स्वयंपाकघरात निघून गेली. मी गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं होतं. मला दुपारचा तो जेवणाचा मांडव आठवतो, कारण माझा कान तेव्हा नुकताच ठणकायला लागला होता आणि बँड कुठे वाजतोय ते मला नीट कळत नव्हतं. त्या लग्नातून ही सोनल झाली. ती हे सगळं ऐकत होती. तिनं माझ्या हातातून हात काढून घेतला. आपण कशावर जन्माला आलो हे कळल्यावर माणूस काय करील? मी तिला दोष देत नाही.

एवढी वर्षं मी ज्या गोष्टीवर काढली, ती गोष्टच खरी नव्हती. चूक गाडीची नव्हती. माझ्या बापानं खरा शेवट डोळ्यांनी पाहिला, त्यावर एक रात्र काढली, आणि तरी मला पाठवलं. मला ओरडावंसं वाटलं, आणि त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. ऐंशी वर्षांच्या बापाच्या. हे मी लपवत नाही.

ओरडले मी प्रकाशवर. कारण तो तेवढ्यात हळू आवाजात म्हणाला की सोनलच्या धाकट्या भावाला शिरपूरकडचं स्थळ आलंय, फाल्गुनापर्यंत जमेल. तेवढं पार पडेपर्यंत तरी ती सासरी राहिली असती तर बरं झालं असतं. मग बघू म्हणे. तो हे मला सांगत होता. मला.

मी म्हटलं, "प्रकाश, तुझ्या लग्नाला एक कान आणि एक लेकरू गेलं माझं. तुझ्या पोराच्या लग्नाला हिचं काय देतोस?"

सोनलचा भाऊ टीव्हीची वायर गुंडाळत होता, तो थांबला. आणि मग सोनल उठली. मला वाटलं ती आत आईकडे जाईल. तिनं कोपऱ्यात जाऊन बॅगेवरची चादर काढली, तिची नीट घडी घातली आणि पलंगावर ठेवली.

"आत्या, जळगावला तुझ्याकडे जागा आहे?" तिनं विचारलं.

जागा कसली, एक खोली. पण मी हो म्हटलं. प्रकाशनं तिला अडवलं नाही. बाप म्हणून त्यानं एवढंच केलं, की अडवलं नाही. उद्या तिच्या सासरचे आले तर त्यांना काय सांगू, गावाला काय सांगू, असं मात्र त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, नाना आहेत ना, ते सांगतील काहीतरी.

मी नानांच्या पाया पडले नाही. सोनल पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते काही पुटपुटले ते माझ्या डाव्या बाजूला होतं, मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

गाडीत सोनल आधी रडली, साक्री येईपर्यंत. मी तिला रडू दिलं. साक्रीला तिनं तोंड धुतलं आणि माझ्या फोनवरून लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. जळगावात त्या मैत्रिणीच्या ओळखीची एक लॅब आहे म्हणाली, सोमवारी विचारू. धुळ्याला उतरलो तेव्हा तिला कडकडून भूक लागली होती. पोरीनं स्टॅण्डवर दोन वडापाव खाल्ले, मिरचीसकट, आणि ठसका लागून हसली. मोठ्यानं. बाकावरच्या चार माणसांनी वळून पाहिलं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. सितारा असती तर तिनं पदर डोळ्यांना लावला असता, आणि ग्रुपवरच्या बायकांनी म्हटलं असतं, बघावा. पण मला त्या पोरीचा हेवा वाटला. इतका, की मला तिच्याकडे बघवेना. मी जळगावच्या गाडीच्या फलाटाकडे तोंड करून बसले.

ती म्हणाली, "आत्या, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही, खा तू. तिनं पाण्याची बाटली माझ्यापुढे केली, मी नको म्हटलं. याच स्टॅण्डवर, तिच्याएवढी असताना, मी मोडक्या कुलपाची बॅग मांडीवर घेऊन याच गाडीची वाट बघत बसले होते. एकटी. गाडीला उशीर झाला होता, आणि मी सारखी साक्रीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत होते, की त्यातून कोणी उतरेल आणि म्हणेल, चल, घरी चल. मग जळगावची गाडी लागली आणि मी चढले.